कामगारांची साक्षरता : ‘उल्लास’मध्ये नाव कसं नोंदवायचं?

पगाराच्या रजिस्टरवर अंगठा उठवणारे बिगारी, हमाल, हाउसकीपिंगच्या मावश्या आजही आहेत. हजेऱ्या किती भरल्या, उचल किती कापली, हे त्यांना दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकावं लागतं. त्यांना शिकवायचं तर ठेकेदाराने किंवा सोसायटीने वेगळी योजना आखायची गरज नाही. ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झालेला आहे. राज्यात त्याचं काम शिक्षण संचालनालय (योजना), पुणे पाहतं.

पात्रता सोपी आहे : वय १५ किंवा त्याहून जास्त आणि लिहिता-वाचता येत नाही. वयाची वरची अट नाही, फी नाही.

नोंदणी शाळेमार्फत ‘उल्लास’ अ‍ॅपवर होते. कामगारांना विचारून, त्यांची तयारी असेल तरच, नाव, वय आणि मोबाइल नंबर अशी यादी करा, ओळखपत्रं सोबत घ्या आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. शाळा निवडताना कामगाराला जायला सोयीची बघा, कारण परीक्षा साधारणपणे तिथेच असते.

खरं अडतं ते शिकवणाऱ्यावर. स्वयंसेवकाला मानधन नसतं. सुपरवायझर, स्टोअरकीपर, कामगाराची शाळेत जाणारी मुलगीसुद्धा शिकवू शकते. अ‍ॅपवर शिकवणाऱ्याची नोंद करून शिकणाऱ्याशी जोडणी करावी लागते. वर्ग काम सुटल्यावर ठेवू नका. घरी जाऊन स्वयंपाक करायचा असलेली बाई थांबणार नाही, आणि तिने का थांबावं? कामाच्या वेळेतलाच अर्धा तास द्या, पगार न कापता. सुरुवात तिच्याच हिशेबाने करा : २४ हजेऱ्या, रोज ५०० रुपये, म्हणजे १२,०००, उचल २,००० वजा, हातात १०,०००. ही वजाबाकी स्वतः जमली की पुढचं शिकायला माणूस आपणहून बसतो.

परीक्षा १५० गुणांची असते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. वेळ तीन तास. मराठीखेरीज हिंदी, उर्दू अशा माध्यमांतूनही ती देता येते, त्यामुळे परप्रांतीय कामगारांना वगळू नका. जाताना एक फोटो आणि आधार, मतदान कार्ड, पॅन, वाहन परवाना किंवा बँक पासबुक यांपैकी एक न्यावं. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं; कमी पडलेल्याला ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो आणि पुन्हा बसता येतं.

१७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ या तारखांच्या राज्यातल्या परीक्षा रविवारी झाल्या. वॉचमन आणि सफाई कामगारांना रविवारीही ड्युटी असते. तारीख कळली की त्यांची पाळी आधीच बदलून द्या.