‘संवर्ग १’च्या आधीची गोष्ट

बदल्यांचं पोर्टल सुरू झालं की जिल्हा परिषदेच्या गुरुजींमध्ये ‘संवर्ग १’ या सवलतीच्या गटावरून जुंपते. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने बदल्यांची नवी पद्धत आली. तीत दिव्यांग शिक्षकांना या गटात जागा मिळाली. बदली नको म्हणायची किंवा सोयीची शाळा आधी मागायची, ही त्यातली सवलत. बाकीच्यांना ती मेहेरबानी वाटते. खरं तर तिच्यामागे चाळीस वर्षांची पायपीट आहे, आणि ती बहुतांशी शिक्षक संघटनांची नाही.

केंद्राने १९७७ मध्ये दिव्यांगांना नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिलं, ते ‘क’ आणि ‘ड’ गटापुरतं, म्हणजे कारकून-शिपाई अशा खालच्या पदांपुरतं. प्राध्यापकाची जागा त्यात नव्हतीच. मार्च १९८० मध्ये नोकऱ्या मागायला निघालेल्या दृष्टिहीनांच्या मोर्चावर दिल्लीत लाठ्या पडल्या. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा यायला १९९५ उजाडलं. त्यातलं कलम ४७ शिक्षकांच्या फार कामाचं ठरलं: नोकरीत असताना दृष्टी गेली तरी सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. फळ्यावरचं दिसेनासं झालं, तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं.

टक्का कायद्यात आला, पण बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षित जागांचा क्रम ठरवणाऱ्या यादीत, बसेना. ‘यांना जमतील’ अशी ठरवलेली पदं तेवढीच धरून हिशोब व्हायचा. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड हे दृष्टिहीनांचं संघटन कोर्टात गेलं, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकूण पदांवर हिशोब करायला सांगितलं. पुढे २०१६ च्या कायद्याने ३ चे ४ टक्के केले.

शिक्षक संघटना या काळात वेतन आयोग आणि पेन्शनमध्ये गुंतलेल्या. निवेदनात दिव्यांगांची मागणी असलीच तर तळाशी. म्हणून दिव्यांग कर्मचाऱ्यांनी आपल्या वेगळ्या संघटना काढल्या; पदोन्नती, वाहतूक भत्ता, निवडणुकीच्या ड्युटीतून सूट हे विषय त्यांनीच लावून धरले. मोठ्या संघटनांची अडचणही समजते म्हणा. संवर्ग १ मधल्या एकाला तालुक्याजवळची शाळा मिळाली की दुसरा सभासद ‘अवघड क्षेत्रा’तल्या दुर्गम शाळेत अडकतो, आणि वर्गणी दोघेही भरतात.

त्यात दिव्यांगत्वाच्या बोगस दाखल्यांचं प्रकरण निघालं. तपासणी हवीच, हे दिव्यांग शिक्षकही म्हणतात. फक्त लहानपणी पोलिओ झालेल्या बाईंना निवृत्तीच्या तोंडावर पुन्हा सिव्हिलच्या रांगेत उभं राहावं लागतं, कॅलिपर लावून, पाय अजून तसाच आहे हे दाखवायला.