आगेरा: तारीख शेताची की कॅलेंडरची?

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे आगेरा, नव्या भाताचा सण, हे मुंबई, ठाणे आणि वसईतल्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक) घरांत आता गृहीतच धरले जाते. मिरवणूक, भाताच्या लोंब्यांना फादरांचा आशीर्वाद, मग घरी त्यातले दाणे सोलून नव्या भातात मिसळणे, हे सगळे त्या एका दिवसाला बांधलेले आहे.

मुळात प्रथमफळ अर्पिण्याची ही रीत बायबलमधल्या लेवीय २३ मधली. पहिली पेंढी परमेश्वरापुढे ओवाळेपर्यंत नव्या धान्याची भाकर तर नाहीच, हुरडासुद्धा खायचा नाही. पेंढीसाठीचे जव तयार नसले तर प्राचीन यहुदी वर्षात एक महिना वाढवीत. कॅलेंडर पिकासाठी थांबत असे. तरीही पेंढी ओवाळायचा ‘शब्बाथाचा दुसरा दिवस’, म्हणजे विसाव्याच्या दिवसानंतरचा दिवस, नेमका कोणता, यावर त्यांच्यातच पंथापंथांत मोठा वाद होता. पुढे करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुनरुत्थित ख्रिस्तालाच प्रथमफळ म्हटले गेले आणि या अर्पणाला ईस्टरचा अर्थ जडला. पोर्तुगीज अमलात कोकण किनाऱ्यावर ही पेंढी भाताची झाली. गोव्यात कणसांच्या फेस्ताची तारीख आजही गावागणिक वेगळी आहे: रायला ५ ऑगस्ट, ताळगावला २१ ऑगस्ट.

आपल्याकडे सगळ्यांसाठी एकच रविवार ठरला, आणि खरा प्रश्न तिथे आहे. त्या सुमारास हळवे (लवकर पिकणारे) भात पिवळे होऊन कापणीला आलेले असते, निमगरव्याला (मध्यम मुदतीच्या भाताला) अवकाश असतो आणि सखल खाचरातले गरवे (उशिरा पिकणारे) दुधावर असते. दाणा नखाने दाबला तर पांढरा चीक येतो. त्यात परतीचा पाऊस एका रात्रीत उभे पीक आडवे करतो. म्हणजे पहिली लोंबी वाहणाऱ्या शेतकऱ्याचे बरेचसे पीक अजून देवाच्या हवाली असते. उरलेले हाती येईल की नाही हे ठाऊक नसताना आधी द्यायचे, हाच या अर्पणातला विश्वास आहे.

एका रविवारच्या बाजूचे म्हणणे रास्त आहे. नोकरीनिमित्त पांगलेली कुटुंबे ठरलेल्या दिवशीच एकत्र येऊ शकतात, आणि शहरी धर्मग्रामांत (पॅरिशांत) शेतच उरले नसताना पिकाची वाट कशी पाहणार? मुंबई-ठाण्याच्या साष्टी बेटावरची खाचरे इमारतींखाली गेली. वसईतलीही २००९ मध्ये महानगरपालिका येण्याच्या आधीपासूनच आटत होती. त्यामुळे अनेक ठिकाणी लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. अशी आणलेली लोंबी उपकारस्तुतीला पुरते, पण तिच्यामागे कुणाचे उभे पीक पणाला लागलेले नसते, आणि हे नुकसान मला सोयीपेक्षा मोठे वाटते.

जिथे अजून नांगर चालतो, त्या गावांना तरी वेगळा रविवार घेता आला पाहिजे. हळव्याला विळा लागला की त्याच आठवड्यातला.