गिट संगणकावर बसवणे: पात्रता, हाताशी ठेवायची माहिती आणि विंडोज, मॅक व लिनक्सवरील प्रक्रिया

लिनक्स कर्नलच्या (लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या सॉफ्टवेअरचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट, म्हणजे फाइलींमधील बदलांचा इतिहास जपणारे सॉफ्टवेअर, लिहायला घेतले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याच्या देखभालीची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. हे सॉफ्टवेअर संगणकावर बसवायला सहसा दहा मिनिटेही लागत नाहीत. मात्र त्या दहा मिनिटांत विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे पुढे वर्षानुवर्षे आपल्या कामाच्या इतिहासात राहतात, आणि बहुतेक जण नेमकी तीच उत्तरे न वाचता ‘पुढे’ या बटणावर बोट ठेवून देतात. म्हणून या लेखात बसवण्याच्या पायऱ्यांपेक्षा त्या उत्तरांवर अधिक भर दिला आहे.

एक खुलासा आधीच करणे आवश्यक आहे. पुढील सर्व कमांड (संगणकाला टाइप करून द्यायच्या आज्ञा) उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या रोमन लिपीत लिहाव्यात. अक्षरे लहान असावीत, फक्त जेथे मोठ्या अक्षराचा उल्लेख केला आहे तेथे मोठे अक्षर घ्यावे. आडव्या रेघा, टिंबे आणि मोकळ्या जागा जशा दाखवल्या आहेत तशाच ठेवाव्यात.

पात्रता

गिट हे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या आवृत्ती २ खाली उपलब्ध असल्यामुळे ते वापरण्यासाठी शुल्क, नोंदणी किंवा व्यवसायाची कोणतीही अट नाही. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो: गिट म्हणजे गिटहब नव्हे. गिट हे आपल्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर असून त्याला खातेही लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. गिटहब, गिटलॅब यांसारख्या सेवांवर काम ठेवायचे असेल तरच तेथील खाते उघडावे लागते, आणि ते गिट बसवल्यानंतर उघडले तरी चालते.

पात्रता खऱ्या अर्थाने तपासायची ती संगणकाची. विंडोजसाठीचे गिट २.४७ या आवृत्तीपासून विंडोज ७ आणि विंडोज ८ वर चालत नाही, त्यामुळे विंडोज १० किंवा त्यानंतरची प्रणाली असलेली बरी. संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याचे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचे, अधिकार आपल्याकडे आहेत का, हेही आधीच पाहावे. ते नसल्यास विंडोजवर ‘पोर्टेबल’ नावाची प्रत उपलब्ध आहे, जी एखाद्या फोल्डरमध्ये उलगडली की वापरता येते. लिनक्सवर मूळ कोडमधून गिट तयार करून ते स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवण्याची सोय आहे.

सर्वात आधी मात्र टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘गिट --व्हर्जन’ ही कमांड द्यावी. आवृत्तीचा क्रमांक उमटला तर गिट आधीच बसलेले आहे, आणि अशा वेळी दुसरी प्रत बसवण्याऐवजी आहे तीच अद्ययावत करणे श्रेयस्कर.

हाताशी ठेवायची माहिती

ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा येथे कोणी मागत नाही, आणि खरी गोम तेथेच आहे. गिट आपल्याला नाव आणि ईमेल विचारते, परंतु ते खरे आहे की नाही याची कोणतीही पडताळणी करत नाही; आपण जे लिहू ते प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे कामाच्या इतिहासातील प्रत्येक नोंदीत, जसेच्या तसे नोंदले जाते. प्रत्येक कमिटची ओळख म्हणून जो चाळीस अक्षरांचा संकेतांक तयार होतो, त्याच्या हिशेबात हे नाव आणि ईमेलही धरलेले असतात. त्यामुळे नंतर नाव दुरुस्त करायचे म्हटले तर त्या कमिटचा संकेतांक बदलतो आणि त्याच्यावर आधारलेल्या पुढील सर्व कमिटचेही संकेतांक बदलतात. काम इतरांपर्यंत पोहोचलेले असेल तर ही दुरुस्ती जवळजवळ अशक्यच समजावी. माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या काही कमिटवर माझ्या नावाऐवजी लॅपटॉपचे युजरनेम आणि त्या यंत्राचे नाव जोडून झालेला एक निरर्थक ईमेल आजही दिसतो, कारण लिनक्सवर नाव न भरताच मी काम सुरू केले होते आणि गिटने जे सापडले त्यावर वेळ मारून नेली होती.

म्हणून चार गोष्टी आधी ठरवून ठेवाव्यात. पहिली, कमिटवर दिसावे असे नाव आणि त्याचे स्पेलिंग. दुसरी, ईमेल: काम सार्वजनिक होणार असेल तर हा पत्ता कोणालाही वाचता येतो, हे लक्षात घेऊन गिटहबवर खाते असलेल्यांनी तेथून मिळणारा, खरा पत्ता झाकणारा ‘नोरिप्लाय’ पत्ता वापरावा. तिसरी, मजकूर लिहिण्यासाठी आपल्याला सवय असलेला एडिटर. चौथी, मुख्य ब्रँचचे, म्हणजे कामाच्या मुख्य शाखेचे, नाव. जुलै २०२० मध्ये आलेल्या २.२८ या आवृत्तीपासून हे नाव आपल्याला ठरवता येते, आणि ज्या सेवेवर काम ठेवणार आहोत तेथील नावाशी ते जुळते ठेवल्यास नंतरची खटपट वाचते.

विंडोजवरील प्रक्रिया

गिटच्या अधिकृत संकेतस्थळावरून, म्हणजे गिट-एससीएम डॉट कॉमवरून, विंडोजसाठीची फाइल उतरवून घ्यावी. विंडोजच्या नव्या प्रणालींत विंगेट हे साधन असते. त्याद्वारे ‘विंगेट इन्स्टॉल --आयडी गिट.गिट’ अशी कमांड देऊनही हेच काम होते. (येथे दोन्ही ‘गिट’चे पहिले अक्षर मोठे लिहिण्याची पद्धत आहे.) मात्र प्रथमच बसवणाऱ्याने फाइल उतरवून, प्रश्न वाचत पुढे जावे असे माझे मत आहे, कारण विंडोजवरील इन्स्टॉलर इतर कोणत्याही प्रणालीपेक्षा अधिक प्रश्न विचारतो.

एडिटरच्या पानावर आधीपासून विम निवडलेला असतो. विमची सवय नसलेल्या माणसासमोर पहिल्याच कमिटच्या वेळी एक काळी खिडकी उघडते, आणि तिच्यातून बाहेर कसे पडायचे हे कळत नाही. (एस्केप दाबून कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह टाइप करून एंटर दाबावे.) हा प्रसंग टाळायचा असेल तर याच पानावर नोटपॅड किंवा व्हीएस कोड निवडावा. त्यानंतर पाथचा, म्हणजे कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या याचा, प्रश्न येतो; तेथे तीनपैकी मधला, ‘शिफारस केलेला’ असे लिहिलेला पर्याय घ्यावा. तिसरा पर्याय घेतल्यास विंडोजच्या ‘फाइंड’ आणि ‘सॉर्ट’ यांसारख्या कमांडच्या जागी युनिक्सच्या त्याच नावाच्या कमांड चालू लागतात, आणि जुन्या बॅच फाइल्स (विंडोजच्या कमांडची यादी असलेल्या फाइल्स) अचानक चुकीचे वागू लागतात.

सर्वात काळजीपूर्वक वाचावे असे पान ओळींच्या शेवटाचे आहे. विंडोजमध्ये मजकुराची ओळ संपते तेथे सीआर आणि एलएफ अशी दोन न दिसणारी चिन्हे असतात, तर मॅक आणि लिनक्सवर फक्त एलएफ असते. समजा एकाने विंडोजवर फाइल उघडून एकच शब्द बदलला आणि त्याच्या एडिटरने सगळ्या ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीने लिहिले, तर गिटने केलेल्या तुलनेत दोनशे ओळींची फाइल दोनशे ओळींनी बदललेली दिसते; तो एक शब्द शोधणे तपासणाऱ्याच्या नशिबी येते. उलट दिशेचा त्रास अधिक वाईट असतो: विंडोजवरून आलेली शेल स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) लिनक्सवर चालवली की ‘बॅड इंटरप्रिटर’ असा संदेश येतो आणि बॅशच्या (ती स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) नावापुढे वरच्या टोकाचे चिन्ह व एम असे अक्षर चिकटलेले दिसते. तो एम म्हणजेच उरलेला सीआर.

इन्स्टॉलरचा पहिला पर्याय फाइल संगणकावर घेताना विंडोजच्या पद्धतीने आणि कमिट करताना युनिक्सच्या पद्धतीने ओळी संपवतो. विंडोजवरच काम करणाऱ्या बहुतेकांसाठी तो योग्य आहे. तरीही प्रत्येकाने आपापल्या संगणकावर काय निवडले यावर सर्वांचे काम अवलंबून ठेवणे मला पटत नाही. रिपॉझिटरीतच, म्हणजे गिट ज्याचा इतिहास ठेवते त्या फोल्डरमध्येच, ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची फाइल ठेवून तिच्यात ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही एक ओळ लिहिली, तर मजकुराच्या फाइल्स रिपॉझिटरीत एकाच पद्धतीने जातात, मग इन्स्टॉलरमध्ये कोणी काहीही निवडलेले असो.

उरलेल्या पानांवर आधीपासून निवडलेले पर्याय तसेच ठेवण्यास हरकत नाही. क्रेडेन्शियल मॅनेजर (सेवांवरील प्रवेशाची माहिती सांभाळणारे साधन) मात्र बंद करू नये.

मॅकवरील प्रक्रिया

टर्मिनलमध्ये ‘गिट --व्हर्जन’ लिहिल्यावर, गिट नसल्यास, कमांड लाइन डेव्हलपर टूल्स बसवायची का असे विचारणारी खिडकी मॅकमध्ये आपोआप उघडते. होकार दिला की काम होते. तीच खिडकी ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ या कमांडनेही आणता येते. अशा रीतीने मिळालेल्या गिटच्या आवृत्तीपुढे ‘ॲपल गिट’ असे लिहिलेले असते आणि ती मूळ प्रकल्पाच्या ताज्या आवृत्तीपेक्षा सहसा थोडी मागे असते. ताजी आवृत्तीच हवी असेल तर होमब्रू (सॉफ्टवेअर बसवून देणारे साधन) बसवून ‘ब्रू इन्स्टॉल गिट’ द्यावे. मॅकओएस अद्ययावत केल्यानंतर एखाद्या सकाळी ‘इनव्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ’ असा संदेश आला तर घाबरू नये. वरील एक्सकोड-सिलेक्टची कमांड पुन्हा दिली की गिट पूर्ववत चालते.

लिनक्सवरील प्रक्रिया

येथे एका ओळीचे काम असते. डेबियन आणि उबुंटूवर आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट’, फेडोरावर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल गिट’, ओपनसुसेवर ‘सुडो झिपर इन्स्टॉल गिट’, तर आर्चवर ‘सुडो पॅकमन -एस गिट’ (येथे एस मोठा) द्यावे. उबुंटूच्या जुन्या आवृत्तीवर ताजे गिट हवे असेल, तर ‘गिट-कोअर’ या नावाचे पीपीए (उबुंटूसाठीचा जादा पॅकेज-स्रोत) जोडावे लागते. हे नाव वेगळे असण्याचे कारण मजेशीर आहे: डेबियनमध्ये ‘गिट’ हे नाव पूर्वी ग्नू इंटरॲक्टिव्ह टूल्स या भलत्याच पॅकेजकडे होते, त्यामुळे आजच्या गिटला बरीच वर्षे ‘गिट-कोअर’ म्हणून राहावे लागले.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यातील लिनक्समध्ये गिट स्वतंत्रपणे बसवावे लागते, आणि नाव, ईमेल व पुढे सांगितलेली एसएसएच किल्लीही तेथे पुन्हा नोंदवाव्या लागतात.

नाव आणि किल्लीची नोंदणी

गिट बसल्यानंतर ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम’ आणि त्यापुढे अवतरणचिन्हांत आपले नाव, तसेच ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.ईमेल’ आणि त्यापुढे आपला पत्ता, अशा दोन कमांड द्याव्यात. ‘ग्लोबल’ लिहिल्यामुळे ही नोंद होम फोल्डरमधील ‘.गिटकॉन्फिग’ या फाइलीत जाते आणि आपल्या सर्व रिपॉझिटरींना लागू होते. नोकरीच्या कामासाठी वेगळा पत्ता हवा असेल तर त्या रिपॉझिटरीच्या फोल्डरमध्ये जाऊन हीच कमांड ‘ग्लोबल’ शब्द वगळून द्यावी; तेथील नोंद वरचढ ठरते.

फाइलींची नावे मराठीत ठेवणाऱ्यांनी आणखी एक नोंद करावी. ‘अ’ने सुरू होणारे फाइलचे नाव गिटच्या यादीत ‘\३४०\२४४\२०५’ अशा आकड्यांत दिसते, कारण रोमन नसलेली अक्षरे गिट मुळात तशीच दाखवते. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ ही कमांड दिली की नाव देवनागरीत दिसू लागते. फाइलला आधीही काही झालेले नसते. तो केवळ दाखवण्याचा प्रश्न असतो.

गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले आहे. त्यामुळे क्रेडेन्शियल मॅनेजरमार्फत ब्राउझरमधून प्रवेश, टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा संकेतांक) किंवा एसएसएच किल्ली यांपैकी एक मार्ग निवडावा लागतो. किल्लीसाठी ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ ही कमांड द्यावी. तिच्यातून दोन फाइली तयार होतात: ‘.पब’ने संपणारी सार्वजनिक किल्ली, जी सेवेच्या सेटिंगमध्ये चिकटवायची असते, आणि त्याच नावाची पण शेपूट नसलेली खासगी किल्ली, जी आपला संगणक सोडून कोठेही जाता कामा नये. सेवेच्या पानावर चिकटवताना चुकून खासगी किल्ली गेली, तर ती जोडी रद्द करून नवी तयार करावी. पुसून टाकणे पुरेसे नाही.

पडताळणी आणि नेहमीच्या त्रुटी

‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’ ही कमांड प्रत्येक नोंद कोणत्या फाइलीतून आली हे सांगते, आणि भलतेच नाव उमटत असेल तर दोषी फाइल तेथेच सापडते. ‘डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप’ असा संदेश आला तर ते फोल्डर दुसऱ्या युजरच्या मालकीचे आहे असे समजावे. एप्रिल २०२२ मधील सुरक्षा-दुरुस्तीनंतर गिट अशा फोल्डरमध्ये काम करण्यास नकार देते. फोल्डर आपल्या ओळखीचे असेल तरच, संदेशात सुचवलेल्या ‘सेफ.डिरेक्टरी’च्या कमांडने त्याला परवानगी द्यावी.

अद्ययावत करताना ज्या मार्गाने गिट बसवले त्याच मार्गाने नवी आवृत्ती घ्यावी; विंडोजवर त्यासाठी ‘गिट अपडेट-गिट-फॉर-विंडोज’ ही कमांड आहे. नवी आवृत्ती घेऊनही जुनाच क्रमांक दिसत असेल, तर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडावे, आणि तरीही फरक पडला नाही तर मॅक व लिनक्सवर ‘व्हिच -ए गिट’ किंवा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर गिट’ द्यावे: यादीत दोन जागा दिसल्या तर चालते ती सर्वात वर असलेली प्रत.