चौकाबारा

चौकाबारा हा चार कवड्या आणि पंचवीस घरांचा बैठा खेळ. कन्नड मुलखात तो चौकाबारा किंवा कट्टे मने म्हणून ओळखला जातो, महाराष्ट्रात चल्लस-आठ, अष्टाचंगा अशा नावांनी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात दोन्हीकडची नावं कानावर पडतात. घरात कोणतं रुजलं हे बरेचदा आईच्या माहेरावरून ठरतं, कारण हा खेळ बायकांबरोबर गावोगाव फिरला आहे. कूळ सारीपाट आणि पचिशीचंच, पण कापडी पटाचा आणि लांबट फाशांचा थाट त्याला लागत नाही. खडू आणि फरशी असली की झालं.

पट म्हणजे पाच बाय पाच घरांचा चौकोन. चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर फुली मारतात. खेळणारे दोन ते चार. ज्याच्या समोर जी फुली ते त्याचं घर. प्रत्येकाला चार सोंगट्या, आणि त्या कधीच विकत आणलेल्या नसतात: फुटक्या बांगडीचे तुकडे, शर्टाची बटणं, खडे, शेंगांची टरफलं. रंग किंवा आकार वेगळा असला की पुरे. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही, एरवी सगळीकडे येते.

दान मोजायची रीत सोपी आहे. एक कवडी उताणी पडली तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही उताण्या तर चार म्हणजे चौक. चारही पालथ्या पडल्या तर आठ. नावात बारा आणि दान आठ, ही विसंगती नव्या माणसाला खटकते. सात बाय सातच्या मोठ्या पटावर सहा कवड्या घेतात, तिथे सगळ्या पालथ्यांना खरोखरच बारा मिळतात. चौक किंवा आठ पडले की पुन्हा टाकायला मिळतं.

कवड्या घरोघरी असतात असं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचं स्थान बेळगाव जिल्ह्यातच, आणि देवीच्या माळेत कवड्या ओवतात. आमच्या घरी होत्या त्या देव्हाऱ्यात होत्या, त्यांना खेळायला हात लावायची सोय नव्हती. म्हणून चिंचोके. चिंचोका घ्यायचा आणि खरबरीत दगडावर एका अंगाने घासत बसायचं. आधी तपकिरी साल जाते, मग आतला पांढरा भाग दिसू लागतो. घासून घासून चिंचोका चांगलाच तापतो, आणि तापला की शेजारी बसलेल्याच्या दंडाला टेकवायचा, हा खेळाआधीचा खेळ. एक बाजू पांढरी, दुसरी काळपट असे चार चिंचोके जमले की डाव मांडता येतो. पांढरं म्हणजे उताणं.

हिशेब पाहिला तर चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात पडतात असं धरून १६ प्रकारे दान पडू शकतं. त्यांत दोन ६ वेळा, एक आणि तीन प्रत्येकी ४ वेळा, चौक आणि आठ प्रत्येकी एकदाच. सरासरी अडीच. सोंगटीला घरापासून मध्यापर्यंत २४ पावलं लागतात: बाहेरच्या फेरीतली १५, आतल्या फेरीतली ८ आणि शेवटचं एक. चार सोंगट्यांची ९६. म्हणजे एकही सोंगटी मेली नाही तरी एका भिडूला अंदाजे चाळीस वेळा चिंचोके टाकावे लागतात. अर्थात हाताने घासलेला चिंचोका इतका न्यायी कधीच नसतो. एका बाजूने जास्त घासलेला कुठे कलतो हे ज्याने घासला त्याला नेमकं ठाऊक असतं, म्हणून चारही चिंचोके एकट्याने करू देऊ नयेत.

सोंगटी बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, मग आत वळून सुलट फिरते आणि मध्यावर पोचते. पण आत वळण्याआधी दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारलेली असली पाहिजे. खेळाचा सगळा जीव या एका नियमात आहे. नुसतं मुकाट्याने पळून जिंकता येत नाही; कितीही जिवाभावाची मैत्रीण असली तरी कुणाला तरी मारावंच लागतं, आणि कुणाला मारायचं हे दान सांगत नाही, आपण ठरवतो. रुसवे निघतात ते इथेच. मेलेली सोंगटी पुन्हा आपल्या घरातून सुरू होते.

खेळाची भाषा दुपेडी आहे. मराठीत पटावरच्या चौकोनाला घर म्हणतात, कन्नडात मने, म्हणजेही घरच. कन्नडात सोंगटीला ‘काय’ असा शब्द आहे. ‘काय’ म्हणजे कच्चं फळ. मध्यावर पोचली की ती हण्णु होते, पिकलेलं फळ. मराठीतही सोंगटी पिकते. दोन्ही भाषांना एकच उपमा सुचली की एकीने दुसरीकडून उचलली, याचा वाद पटावर कुणी घालत नाही. मोजणी मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत: एकीने ‘तीन’ म्हणून टाकावं, दुसरीने ‘मूरु’ म्हणत सोंगटी सरकवावी.

खेळाचा मोसम पावसाळा. खानापूरकडे झड लागली की पोरं घराबाहेर पडू शकत नाहीत. नागपंचमीला माहेरी आलेल्या मुली झोक्यावरून उतरल्या की पट मांडतात. दिवाळीतल्या बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, त्यामुळे त्या दिवशी वडीलधारी माणसंही चार डाव खेळायला बसतात.

याच कुळातला लुडो १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेऊन पुठ्ठ्यावर छापला गेला आणि तिथून परत आपल्याकडे आला. २०२० च्या टाळेबंदीत तो मोबाइलवर घरोघर पोचला. त्यात फासा यंत्र टाकतं, तेव्हा दानावरून भांडण नाही.

चौकाबाऱ्यात ते हमखास होतं. चिंचोका भिंतीला टेकून उभा राहतो, किंवा चटईच्या काठावर अर्धवट कलतो. “पालथी हाय गे ती, बग की नीट!” अशा वेळी बाजूला बसून बघणाऱ्याला साक्षीला ओढतात. सोळा सोमवारच्या कहाणीत शंकर-पार्वती सारीपाट खेळतात, डाव कुणी जिंकला असं विचारल्यावर गुरव शंकराचं नाव घेतो आणि पार्वतीच्या शापाने त्याच्या अंगावर कोड उठतं. ही कहाणी ज्याने ऐकली आहे तो बघ्या ‘मी बघितलंच नाही’ म्हणतो, आणि चारही चिंचोके पुन्हा टाकले जातात.