कूलरचे पाणी: भरण्याची सोय झाली, सोडण्याची राहिली

वाळ्याच्या ताट्यांच्या काळात निचरा हा प्रश्नच नव्हता. अकबराच्या वेळचा खसखाना (वाळ्याने गार ठेवलेली खोली) असो की इंग्रजी अमदानीतले बंगले, ताटीवर पाणी शिंपडले जाई आणि ओघळलेले पाणी अंगणात जिरून जाई. पाणी एकदाच वापरायचे असल्याने क्षार साचायला वावच नव्हता.

विदर्भात घरोघरी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा कूलर आला आणि तेच पाणी फिरू लागले. पंप टाकीतून पाणी उचलतो, वुडवूलच्या (लाकडाच्या बारीक तारांच्या) ताट्यांवर सोडतो, उरलेले परत टाकीत पडते. हवेत जाते ती निव्वळ वाफ. क्षार मागे राहतात. पाणी भरायला आधी बादली होती, मग नळी, मग बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारा नळ. सोडण्यासाठी मात्र आजही बुडाला एक बूच असते आणि अनेक कूलरमध्ये ते तळापेक्षा बोटभर वरच बसवलेले असते. म्हणजे टाकी रिकामी केली तरी गाळ तिथेच राहतो.

मोठा वाद आहे तो थोडे पाणी मुद्दाम सोडावे की नाही, याचा. टंचाईच्या शहरांत ‘कूलरचा थेंबही वाया घालवू नका’ असे सांगितले गेले, आणि बनवणाऱ्यांनीही ब्लीडची, म्हणजे थोडे पाणी सतत बाहेर सोडणारी नळी देणे टाळले. 2019 मध्ये पेंच प्रकल्पातला साठा घसरून नागपुरात दिवसाआड पाणी आले, तेव्हा हा आग्रह समजण्यासारखा होता. पण हिशेब मांडून पाहा. तासाला 6 लिटर वाफ आणि रोज 12 तास वापर धरला, तर दिवसाला 72 लिटर पाणी उडते. टाकी 60 लिटरची असेल आणि काहीच सोडले नाही, तर आठवड्यात तिच्यातले क्षार नऊपटीवर जातात. लिटरला 400 मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी 3,700 च्या पुढे पोचते. मग ताटीवर पांढरा थर धरतो, वरच्या पन्हाळीची भोके बुजतात, ताटीचे पट्टे कोरडे राहतात आणि तिथून गरम हवा आत येते. पंपाचा पंखा अडकून मोटर जळते ती बहुधा यामुळेच. वाचवलेल्या पाण्याची किंमत अशी वसूल होते.

दर दोन दिवसांनी टाकी ओतली, किंवा रोज 30 लिटरची बारीक धार सोडली, तर क्षार साडेतीनपटीच्या आत राहतात. दोन्हींत पाणी सारखेच लागते. धारेत बूच उघडायची आठवण ठेवावी लागत नाही, एवढाच फरक. नळी टाकीच्या बुडातून न काढता पंपाच्या चढत्या पाइपातून काढावी, म्हणजे पंप बंद झाला की धारही थांबते. 200 मिलिलिटरचा पेला भरायला पाच मिनिटे लागतील इतकाच या नळीवरचा कॉक उघडावा. बोअरचे पाणी असेल तर जास्त. पूर्वी वुडवूल दर उन्हाळ्यात बदलले जाई, म्हणून दुर्लक्ष खपून गेले. आताचा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार) पॅड महाग असतो आणि काही वर्षे चालवायचा असतो. त्याच्या पन्हाळ्यांत एकदा क्षार बसला की खरवडताही येत नाही.

डेंग्यूमुळे ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ आला, म्हणजे त्या दिवशी टाकी रिकामी करून सुकवायची. त्याचे कारण वेगळे आहे: एडिस डासाला अंड्यापासून उडायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. क्षारांसाठी आठवडा फार लांबचा, पण डासांसाठी आवश्यकच, कारण पावसाळ्यात कूलर बंद पडतो आणि पाणी तसेच राहते. नुसते ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. ती जागा ब्रशने घासावीच लागते.

बॉल कॉक थेट नळाच्या लाइनला जोडण्याची पद्धत रुळली, तिचा धोका कुणी फारसा सांगत नाही. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येते, तिथे पुरवठा बंद होताच पाइपात ओढ निर्माण होते. कॉकचे तोंड पाण्यात बुडालेले असेल तर टाकीतले घाण पाणी मागे खेचले जाऊन पिण्याच्या लाइनमध्ये शिरते. तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा किमान एक इंच वर ठेवावे. निचऱ्याची नळीही गटारात घट्ट बसवू नये. मोरीच्या जाळीवर मोकळी सोडावी, नाहीतर टाकी कोरडी असताना पंखा गटाराची हवा थेट खोलीत ओढतो.