कळलावी ओळखताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पहिल्या पावसानंतर डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या घळींच्या काठाने आणि शेतांच्या कुंपणांतून वर येणारी व श्रावणात ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी आमच्या रोपवाटिकेत दरवर्षी आवर्जून मागितली जाते. फुललेली कळलावी कोणीही ओळखतो. चूक होते ती फूल येण्यापूर्वी किंवा गळून गेल्यावर, आणि ही वेल विषारी असल्याने तीच चूक महागात पडते.

फूल नसताना पानाचे टोक पाहावे. पान देठाविना थेट खोडाला चिकटलेले, भाल्याच्या पात्यासारखे लांबट असते; त्यावरील शिरा समांतर धावतात आणि निमुळते होत गेलेले टोक शेवटी कमानीसारखे गुंडाळले जाऊन शेजारच्या काटकीला घट्ट धरते. त्याच कुंपणावर चढणारा करांदा मात्र आपले खोडच आधाराभोवती पिळतो, आणि त्याची पाने हृदयाच्या आकाराची व लांब देठाची असतात. कळलावीच्या अगदी खालच्या पानांची टोके पुष्कळदा सरळच असतात, म्हणून वरची पाने फुटेपर्यंत थांबावे.

फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात, सहा पुंकेसर आडवे पसरतात आणि स्त्रीकेसराची दांडी तळाशीच काटकोनात वळून एका बाजूला जाते. पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या व टोकाकडून लाल आणि अखेरीस संपूर्ण लाल होतात. एकाच वेलीवर हे सारे रंग दिसले तरी त्या निरनिराळ्या जाती नव्हेत. कोकणात हिला ‘गौरीचे हात’ म्हणतात, तर तामिळनाडूने हिला राज्यफुलाचा मान दिला आहे.

जमिनीखालचा कंद नांगराप्रमाणे दोन शाखांचा असतो, त्यावरूनच संस्कृतात ‘लांगली’ हे नाव आले. वेलीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे विष असते व ते शिजवल्याने जात नाही. रताळे किंवा रानकंद समजून तो खाल्ल्यास काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात आणि पुढे जिवावर बेतते. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि वेलीचा तुकडा सोबत न्यावा. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी कंद वापरण्याची जुनी प्रथा नावातच उरलेली बरी.

आम्ही डोंगरावरून उकरलेले कंद विकत नाही. आमचे कंद वाफ्यातच वाढवलेले असतात. प्रत्येक शाखेच्या टोकाशी एकच डोळा असतो आणि तो मोडला तर ती शाखा फुटत नाही, म्हणून कंद हातमोजे घालून, आडवा धरून लावावा आणि कुंडी मुलांच्या व गुरांच्या वाटेवर ठेवू नये. दिवाळीच्या सुमारास वेल पिवळी पडून वाळली की पाणी बंद करावे. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत कुंडी रिकामीच दिसते. मागच्या वर्षी काही ग्राहकांनी ती मेली असे समजून मातीसकट उकिरड्यावर टाकली, तेव्हा कंद आत सुखरूप झोपलेला होता.