मुंबईत घोड्यांची निगा कशी घडत गेली

१८७४ साली मुंबईत दोन गोष्टी सुरू झाल्या. ९ मे रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच वर्षी प्राण्यांचा छळ रोखणारी संस्था शहरात स्थापन झाली. ट्राम कंपनीच्या पागेत सुमारे ९०० घोडे होते. उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर टोप्या असत. कारण उघड होतं: ऊन लागून घोडा बसला की फेरी बुडायची.

रोजची निगा मात्र मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे नोकर, आणि नाल ठोकणारे नालबंद यांच्याच हाती होती. सकाळी खरारा म्हणजे अंग घासणं, तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यातून चंदी म्हणजे दाणा, वेळच्या वेळी नाल. जाणता मोतद्दार आधी लीद बघतो, आणि ते अगदी बरोबर आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं परत बाहेर पडायला वाट नसते. लीद थांबली, घोडा पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, सारखा वळून कुशीकडे बघू लागला, की तो पोटशूळ समजावा आणि घरगुती काढे पाजत न बसता डॉक्टरला बोलवावं.

डॉक्टर मिळू लागले ते परळमुळे. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून तिथे त्यांच्या पत्नी बाई साकरबाईंच्या नावाचा जनावरांचा दवाखाना उभा राहिला आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे सर्रा या रोगाचे अभ्यासक. या रोगाचा जंतू १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हान्स यांना पंजाबात आजारी जनावरांच्या रक्तात सापडला होता. चावणाऱ्या माश्या तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ताप येतो-जातो, पाय सुजतात, पोटभर खाऊनही घोडा खंगतो. तबेल्यातली लीद रोज उचलली आणि माश्या आवरल्या, तर निम्मं काम तिथेच होतं. ग्लँडर्स हा रोग त्याहून भयंकर, कारण तो माणसालाही होतो. त्यासाठी १८९९ मध्ये वेगळा कायदाच करावा लागला. नवा घोडा घेताना रक्ततपासणीचा आग्रह धरतात तो याचसाठी.

१९०५ मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली. व्हिक्टोरिया ही घोडागाडी पुढे शंभरेक वर्षं टिकली, पण तिच्या घोड्यांच्या वाट्याला महालक्ष्मीच्या शर्यतीच्या घोड्यांसारखी देखभाल कधी आली नाही, याचं वाईट वाटतं. तापलेला डांबरी रस्ता, आणि मुक्कामाला मूत साचलेली ओली जमीन. अशा ओलीत खुराच्या तळव्याची मऊ गादी कुजते, काळी पडते, घाण वास येतो. कोरडं अंथरूण आणि रोज खूर उचलून साफ करणं, याने हे टळतं. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या. वरातीच्या घोड्यांना आजही तोच रस्ता आहे आणि पावसाळ्यात तीच ओल.